कोळशातले अष्टपाद

ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी 1836-37 च्या सुमारास एका भुंग्याचं वर्णन छापलं. इंग्लंडच्या कोलब्रुकडेल भागात दगडी कोळशाच्या थरांसोबत लोहखनिजाचे गोटे निघत. त्यातल्या एका गोट्यात इंचभर लांबीचा, पाठीवर गाठी आणि उंचवटे असलेला प्राणी अडकलेला होता. बकलंड यांनी तो सोंडकिड्याच्या जातकुळीत बसवला आणि त्या भागाचा अभ्यास करणाऱ्या जोसेफ प्रेस्टविच यांचं नाव त्याला दिलं.

तो भुंगा नव्हता. मुळात कीटकच नव्हता.

बकलंड कच्चे अभ्यासक नव्हते. ज्या प्राण्यांना पुढे डायनोसॉर म्हणू लागले, त्यांतल्या मेगॅलोसॉरसचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यांनीच 1824 साली केलं होतं. पण गोटा फुटतो तो मधोमध. एका फाकेवर पाठ उमटते, दुसरीवर पाठीचा साचा. पाय दगडात गडप असतात. पाय मोजता आले नाहीत तर सहा पायांचा कीटक कोणता आणि आठ पायांचा अष्टपाद कोणता हे सांगायचं कशावरून? पाठ कठीण दिसली, ती भुंग्याच्या पंखकवचासारखी वाटली, आणि नाव पडलं. 1871 मध्ये हेन्री वुडवर्ड यांच्या हाती डडली भागातला जास्त चांगला नमुना आला. त्यात पाय दिसत होते आणि ते आठ होते. वुडवर्ड यांनी त्याला इओफ्रायनस असं नवं नाव दिलं. प्रेस्टविच यांचं नाव मागे जोडलेलं राहिलं. 1882 मध्ये बर्लिनच्या फर्डिनांड कार्श यांनी सायलेशियातल्या कोळशातून निघालेल्या अशाच एका प्राण्यावरून या मंडळींचा वेगळा गण मांडला. आज तो ट्रायगोनोटार्बिडा या नावाने ओळखला जातो, आणि त्यातला एकही प्राणी आज जिवंत नाही.

विंचू, कोळी, गोचीड हे अष्टपाद वर्गातले गण आपल्या घरा-गोठ्यातले. ट्रायगोनोटार्बिडा त्यांचा भाऊबंद. दिसायला कोळ्यासारखा, पण कोळी नव्हे. त्याच्या पोटावरच्या पट्ट्या उभ्या रेघांनी तीन भागांत विभागलेल्या असत. धागा काढायचे अवयव त्याला नव्हते, म्हणजे जाळं नव्हतं. भक्ष्य पळत जाऊन किंवा दबा धरून पकडायचं आणि सुळ्यांनी फोडायचं, हा त्याचा उद्योग. त्याचा सर्वांत जुना नमुना इंग्लंडमधल्या लडलो इथला, सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीवर वावरलेले म्हणून ठामपणे सांगता येतील असे जे सर्वांत जुने प्राणी आहेत, त्यांत याची गणना होते. आणि अगदी उशिराच्या नमुन्यांपैकी एक जर्मनीतल्या केम्निट्झच्या अश्मीभूत जंगलातला, साधारण 29 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं वर्णन 2013 मध्ये आलं. तेरा कोटी वर्षं हा गण पृथ्वीवर नांदला.

हे सारं सावंगी (मेघे) इथे बसून लिहिताना आपल्या पायाखालच्या काळाचा हिशेब लावावासा वाटतो. वर्ध्याला लागून असलेल्या या गावात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. तो कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा इथे पसरला तेव्हा ट्रायगोनोटार्बिडा संपून बावीस कोटी वर्षं उलटली होती. त्यांच्या काळाच्या जवळ जायचं तर वर्धा नदीच्या काठाने खाली, वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूरकडे जायला हवं. तिथे कोळसा आहे, आणि कोळशाखाली त्याहून जुना थर आहे. पण त्याआधी नागपूरला जाऊ या, कारण बकलंड यांच्या भुंग्याला आठ पाय फुटण्याच्या वीस वर्षं आधी विदर्भातले खरे भुंगे लंडनच्या वाटेला लागले होते.

स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटिश मिशनरी म्हणून नागपूरला आले. रॉबर्ट हंटर त्यांच्या पाठोपाठ आले. दोघेही शाळा चालवत, गावोगाव फिरत, आणि दगड बघत. 1851 मध्ये नागपूरच्या पश्चिमेला टाकळीजवळ फिरताना त्यांना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेला गाळाचा थर दिसला, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शिंपले गच्च भरलेले होते. लाव्हा एकदम आला नव्हता. मध्ये उसंत मिळाली होती, त्या उसंतीत तळी साचली होती, झाडं उगवली होती, किडे-मासे-गोगलगायी जगल्या होत्या आणि पुढच्या लाव्ह्याने सगळं झाकून टाकलं होतं. टाकळीतून दोघांनी फळं, बिया, माशांचे खवले आणि भुंग्यांची पंखकवचं गोळा केली. त्यांचा मोठा लेख 1855 मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात आला; 1860 मध्ये हिस्लॉप यांनी शिंपल्यांवर लिहिलं आणि त्याच खंडात अँड्र्यू मरे यांनी नागपूरच्या जीवाश्म कीटकांवर. हे भुंगे मात्र भुंगेच होते.

नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर मांगली इथेही हिस्लॉप पोहोचले. तिथल्या वालुकाश्मातून उभयचर प्राण्याची एक चपटी कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. त्याच मांगलीतून शिंपल्यासारखं दुहेरी कवच पांघरणारे चिमुकले संधिपाद आले आणि त्यांच्या एका जातीला रूपर्ट जोन्स यांनी मांगलीचंच नाव दिलं. वर्धा खोऱ्याच्या दगडात कवचवाल्या बारीक जिवांचे ठसे टिकतात, याचा तो दीडशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे.

4 सप्टेंबर 1863 ला हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं बघून बोरीच्या मुक्कामाकडे परतत होते. वाटेत पाण्याने भरलेल्या नाल्यात ते बुडून गेले. बुटीबोरी आपल्या वर्धा-नागपूर रस्त्यावरची. तिथून जाताना हा माणूस कुणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं आहे एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. गोंडांच्या चालीरीती आणि गाण्यांविषयीची त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापून आणली. पुढच्या दशकात भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणाच्या मंडळींनी कोळसा असलेल्या थरांच्या मालिकेला गोंडवाना म्हणायला सुरुवात केली, आणि 1885 मध्ये एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या पुरातन महाखंडालाही तेच नाव दिलं.

हिस्लॉप गेल्यानंतर बारा वर्षांनी, 1875 मध्ये, सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी चांद्यापासून (आजच्या चंद्रपूरपासून) काही मैलांवरच्या इरई गावाजवळची एक जागा नोंदवली. तिथे कोळशाच्याही खालच्या तालचिर थराचे गोटे चुनखडकाच्या फरशीवर विसावलेले आहेत. ती फरशी घासून गुळगुळीत झालेली आहे आणि तिच्यावर सरळ, समांतर ओरखडे आहेत. ते बर्फाचे. तळाशी दगड घट्ट धरलेली बर्फाची लादी सरकत जाते तेव्हा असेच ओरखडे उठतात. मे महिन्यात 46-47 अंशांवर तापणाऱ्या चंद्रपुरात हिमनदीची खूण!

या एका फरशीने आपल्या कथेतली मोठी गाठ सुटते: इंग्लंडचा कोळसा आणि आपला कोळसा एकाच काळाचे का नाहीत. साधारण 31 कोटी वर्षांपूर्वी आजचा इंग्लंड विषुववृत्ताच्या आसपास होता. तिथे दलदलीची दाट जंगलं होती आणि त्या जंगलांच्या पाचोळ्यात इओफ्रायनस फिरत होता. आपली भूमी तेव्हा गोंडवानाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती आणि पुढे तिच्यावर बर्फ चढला होता. बर्फ ओसरल्यावर ग्लॉसोप्टेरिस या झाडांची जंगलं वाढली. वर्धा खोऱ्याचा कोळसा त्या जंगलांचा आहे. इंग्लंडच्या कोळशाहून तो तरुण. आपला कोळसा तयार होऊ लागला तेव्हा ट्रायगोनोटार्बिडा अखेरच्या टप्प्यात होते.

1870 च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा गेला. इंग्लंडात मात्र कोळशाच्या खाणींभोवती आणखी एक उद्योग चाले. डडलीजवळच्या कोसली गावात हौशी संग्राहक खाणीच्या ढिगाऱ्यातले लोहखनिजाचे गोटे फोडत आणि आत काही दिसलं तर जपून ठेवत. हे गोटे लंडनला ज्या माणसाकडे आले, त्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. रेजिनाल्ड इन्स पोकॉक हे लंडनच्या संग्रहालयात अष्टपादांचे जाणकार. भारतातल्या विंचू-कोळ्यांचा पहिला मोठा ग्रंथ त्यांचाच, 1900 सालचा. भारतीय कोळ्यांवर काम करणारा आजही तिथूनच सुरुवात करतो. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव हर्बर्ट फिप्सन यांच्या नावाने त्यांनी 1893 मध्ये एका मोठ्या काळ्या विंचवाची जात नोंदवली होती. जिवंत विंचवांचे पाय, नांग्या आणि पोटावरच्या पट्ट्या वर्षानुवर्षं तपासलेली नजर घेऊन पोकॉक कोसलीच्या गोट्यांकडे वळले. 1911 मध्ये ब्रिटनच्या कोळशातल्या अष्टपादांवरचा त्यांचा प्रबंध आला. त्यात प्लेसिओसायरो मॅडलेयी नावाचा एक प्राणी आहे. तो कुठल्याच जिवंत किंवा मृत गणात बसेना, म्हणून पोकॉक यांनी त्याच्यासाठी हॅप्टोपोडा हा स्वतंत्र गण केला. त्या गणात एकच प्रजाती, आणि तिचे नमुने फक्त कोसलीचे. कोसलीच्या ढिगाऱ्यात त्या माणसांनी हातोडा चालवला नसता तर एक अख्खा गण कधी होऊन गेला हे जगाला कळलंच नसतं.

आता स्कॉटलंडमधल्या एका डॉक्टरची गोष्ट. सावंगीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचं मोठं रुग्णालय आहे, गल्लोगल्ली डॉक्टर आणि डॉक्टर होऊ घातलेली मुलंमुली आहेत. त्यांच्यासाठी ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. एल्गिन गावचे डॉ. विल्यम मॅकी रुग्ण तपासून उरलेल्या वेळात दगडांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. 1912 च्या सुमारास ॲबर्डीनशायरमधल्या ऱ्हायनी गावाजवळ शेताच्या दगडी बांधांत त्यांना गारगोटीच्या जातीचे काही वेगळेच दगड दिसले. घरी नेऊन काप केला तर आत झाडांच्या देठांचे आडवे छेद, पेशीन् पेशी शाबूत! सुमारे 40.7 कोटी वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यातल्या सिलिकाने झाडं सडायच्या आत त्यांना दगड करून टाकलं होतं, आणि झाडांसोबत त्यांच्या आडोशाला असलेल्या किड्यांनाही.

ऱ्हायनीचा काप अर्धपारदर्शक असतो. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाचा पल्ला वर-खाली करत गेलं की दगडाच्या आत उतरत जाता येतं: आधी पायाचं टोक, मग सांधा, मग सांध्यावरचे केस. काही प्राणी झाडाच्या पोकळ देठात किंवा रिकाम्या बीजाणुपिशवीत शिरलेले सापडले आहेत. 1923 मध्ये स्टॅन्ली हर्स्ट यांनी या कापांतून अष्टपादांचं वर्णन केलं आणि पॅलिओकॅरायनस ही प्रजाती मांडली. काही मिलिमीटरचा जीव. इओफ्रायनसपेक्षा दहा कोटी वर्षांनी जुना, पण गण तोच. तीन वर्षांनी हर्स्ट यांनी ऱ्हायनीच्या इतर संधिपादांवर आणखी एक लेख लिहिला, त्याचे सहलेखक समरेंद्र मौलिक. मौलिक बंगालचे, पानं खाणाऱ्या भुंग्यांचे तज्ज्ञ, भारतीय प्राण्यांच्या त्याच ग्रंथमालेचे लेखक जिच्यात पोकॉक यांचं पुस्तक आहे. उड्या मारणाऱ्या पंखहीन किड्यांपैकी तेव्हा माहीत असलेला सर्वांत जुना जीव, ऱ्हायनिएला, या दोघांनी जगापुढे ठेवला. या इतिहासात एक भारतीय नाव आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हर्स्ट यांचीही एक ओळख पुढे बदलली. एका छोट्या जिवाला त्यांनी कोळी म्हटलं होतं. तो ट्रायगोनोटार्बिडाचंच पिल्लू असावा असं नंतरच्या अभ्यासकांना दिसलं. पण काप जागेवर होते, म्हणून पुन्हा बघता आलं. 1961 मध्ये क्लॅरिज आणि लायन यांनी ऱ्हायनीच्या कापांत एक फार मोलाची गोष्ट हेरली: पॅलिओकॅरायनसच्या पोटात पुस्तक-फुप्फुसं होती. विंचवाला आणि जुन्या वळणाच्या कोळ्यांना हाच अवयव असतो. पातळ पदर एकावर एक रचलेले, पदरांमध्ये हवा आणि पदरांच्या आत रक्त. दोन पदर एकमेकांना चिकटले तर हवा खेळणार नाही, म्हणून मध्ये अतिसूक्ष्म टेकू असतात. 2008 मध्ये कार्स्टन कामेन्झ आणि सहकाऱ्यांनी ऱ्हायनीच्या दगडात ते टेकूसुद्धा दाखवले. म्हणजे हा प्राणी हवेतच श्वास घेत होता, पाण्यातून आलेला पाहुणा नव्हता. आणि आज कौलाखालचा विंचू जसा श्वास घेतो तसाच घेत होता. चाळीस कोटी वर्षांत त्या अवयवाची मूळ रचना मोडायची निसर्गाला गरज पडली नाही.

मधल्या काळात वर्गीकरणाचं बरंच मागेपुढे झालं. रशियातून अमेरिकेत येऊन येल विद्यापीठात स्थिरावलेले अलेक्झांडर पेट्रुंकेविच यांनी 1949 मध्ये ट्रायगोनोटार्बिडा हा गण नेमका केला, पण कार्श यांचा गण वेगळा ठेवला. 1990 च्या दशकात जेसन डनलॉप यांनी दोन्ही एकत्र आणले. त्या वादाच्या खोलात शिरत नाही. त्यापेक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या गिलबोआची हकिकत जास्त बोलकी आहे. तिथला दगड आम्लात विरघळवला की प्राण्यांच्या कातडीचे पापुद्रे सुटे होऊन हाती येत. 1987 मध्ये विल्यम शिअर, पॉल सेल्डन आणि सहकाऱ्यांनी त्यांतले काही पापुद्रे ट्रायगोनोटार्बिडाचे म्हणून नोंदवले. दोन वर्षांनी त्यांना त्याच तुकड्यांत धागा सोडणारी बारीक नळी सापडली, तेव्हा तो प्राणी जगातला सर्वांत जुना कोळी ठरला. 2008 मध्ये त्याच अभ्यासकांनी पुन्हा तपासलं, तर धागा होता पण कोळ्याला असतात तसे धागा ओवणारे हलते अवयव नव्हते, आणि मागे लांब शेपटी होती. त्यांनी स्वतःचंच आधीचं म्हणणं मागे घेऊन युरेरेनिडा हा नवा नामशेष गण मांडला. 2018 मध्ये म्यानमारच्या सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत शेपूट असलेला, कोळ्यासारखा एक प्राणी निघाला, आणि शेपटीवाल्या या नातलगांचा काळ एकदम डायनोसॉरांपर्यंत ओढला गेला.

आणि बकलंड यांचा तो भुंगा? 2009 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे रसेल गारवुड आणि मार्क सटन यांनी डनलॉप यांच्यासोबत इओफ्रायनसचा जीवाश्म सीटी स्कॅनमध्ये घातला. सावंगीच्या रुग्णालयात पेशंटची जी तपासणी होते तिचंच हे रूप, फक्त कितीतरी पट सूक्ष्म. गोट्याच्या आत प्राणी सडून गेलेला असतो आणि त्याच्या आकाराची पोकळी उरते. क्ष-किरण दगडात आणि पोकळीत वेगवेगळे शोषले जातात, म्हणून गोटा न फोडता, सगळ्या बाजूंनी घेतलेल्या हजारो प्रतिमा जोडून ती पोकळी संगणकावर उभी करता येते. बकलंड यांना न दिसलेले पाय आता एकेका सांध्यासह दिसले. पाठीवर संरक्षणासाठी काटे होते हे दिसलं; त्या जंगलांत उभयचर प्राणी वावरू लागले होते, त्यांच्या तोंडी जाऊ नये म्हणून ते असावेत. त्याच वेळी स्कॅन केलेल्या क्रिप्टोमार्टस हिंडी या भाऊबंदाचे पुढचे पाय समोर वळलेले निघाले. फुलावर दबा धरून बसणारा खेकड्या कोळी पाय असेच धरतो. 2014 मध्ये गारवुड आणि डनलॉप यांनी सांध्यांच्या मापांवरून एका ट्रायगोनोटार्बिडाला संगणकाच्या पडद्यावर चालवूनही दाखवलं.

राहता राहिला प्रश्न आपल्या कोळशाचा: त्यातही हे प्राणी सापडू शकतील का? त्याचं सूत्र अर्जेंटिनात सापडतं. तिथल्या सान लुईस प्रांतातल्या बाहो दे वेलिस या ठिकाणी 1890 च्या दशकात फ्रिट्झ कुर्त्झ यांना पानांचे जीवाश्म मिळाले, आणि ते भारताच्या खालच्या गोंडवाना थरांतल्या पानांशी जुळले. त्यांच्या शोधाची दखल आपल्या भूशास्त्र सर्वेक्षणाच्या नियतकालिकानेही घेतली. त्याच बाहो दे वेलिसमधून 1980 मध्ये पिंटो आणि हुनिकेन यांनी एका ट्रायगोनोटार्बिडाचं वर्णन केलं आणि त्याचं नाव ठेवलं गोंडवानॅराक्नी. म्हणजे हा गण युरोप-अमेरिकेच्या उष्ण दलदलींपुरता नव्हता. बर्फ ओसरत असलेल्या गोंडवानातही तो पोहोचला होता, जिथे आपल्याकडे होती तशीच झाडं उगवत होती. गुजरातेत सुरतजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतून निघालेल्या राळेत पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे कोळी आणि कीटक सापडले आहेत, आणि ते 2010 मध्ये जगापुढे आले, कारण खाण चालू असताना तिथे बघणारी माणसं होती. वणी-माजरीच्या उघड्या खाणींत कोळशावरचा राखाडी शेल रोज ट्रकने ढिगाऱ्यावर जातो. त्याच्या पाट्यांवर ग्लॉसोप्टेरिसची पानं शिरांसकट दिसतात. पाना-पानांमधल्या जागेकडे भिंग घेऊन बघायचं काम नागपूर-चंद्रपूरच्या महाविद्यालयांतल्या मुलांना करता येण्याजोगं आहे. त्याला लागतो एक हातोडा, एक भिंग, खाणीच्या कार्यालयाची परवानगी आणि सापडलेली पाटी ठेवायला एक कपाट.